ड्रॅग रेसच्या गाडीला पुढची हलकी चाकं कोणती घ्यावीत?

क्लीव्हलंडकर

नमस्कार मंडळी. वाहन विभागात ड्रॅग रेसिंगवर, म्हणजे सरळ पट्टीवर पाव मैल पळायच्या शर्यतीवर, मराठीत फारसं लिखाण सापडलं नाही, म्हणून हा धागा काढतोय. प्रश्न माझ्या गाडीचा आहे, पण उत्तरं इतरांनाही उपयोगी पडावीत.

गाडी १९८९ ची फोर्ड मस्टँग एलएक्स, नॉचबॅक, म्हणजे ज्याला इथे फॉक्स बॉडी म्हणतात ती. मूळ पाच लिटर इंजिनाच्या जागी ३४७ घनइंचाचं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ताकद चारशे अश्वशक्तीच्या आसपास. माझ्यासकट वजन १४५० किलो. ओहायोतल्या नॉरवॉकच्या पट्टीवर पाव मैल ११.७ सेकंदांत जाते. मूळचे चार नटांचे हब आधीच्या मालकाने काढून पाच नटांचे बसवलेत, सोबत नव्वदच्या दशकातल्या मस्टँग जीटीचे ब्रेक आहेत.

मागे १५ इंची रिमवर ड्रॅग रेडियल (पट्टीसाठीचे चिकट टायर) आहेत, त्यांना हात लावायचा नाही. पुढे मात्र अजून १७ × ८ ची मॅगव्हील आणि २४५/४५ चे रस्त्यावरचे टायर. ते काढून १५ × ३.५ ची अरुंद चाकं घालायचीत. समोर तीन पर्याय आहेत: एक, नवी ओतीव ॲल्युमिनियमची. दोन, वेल्ड कंपनीची फोर्ज्ड (दाबून घडवलेली), पण जुन्या सामानाच्या बाजारातली, वापरलेली. तीन, कार्बन फायबरची, जी परवडायला बायकोशी दीर्घ चर्चा करावी लागेल.

पट्टीवरच्या एका मित्राने त्याची अरुंद चाकं वजनापुरती दिली. माझं रिम-टायर मिळून २१.१ किलो, त्याचं ११.६. म्हणजे एका चाकामागे साडेनऊ किलो, दोन्हींचे १९. यातून किती वेळ वाचेल, आणि तिन्हींपैकी काय घ्यावं?

नट_बोल्ट

आधी कॅलिपर (ब्रेकचा डिस्क पकडणारा भाग) अडतो का ते बघा, मग बाकीचं. जीटीची डिस्क अकरा इंचांच्या आत आहे, तिच्यावर १५ इंची चाक बहुतेक वेळा बसतं. पण नंतर कधी मस्टँग कोब्राचे १३ इंची ब्रेक बसवायचा विचार असेल तर १५ विसरा, १७ × ४.५ च घ्यावं लागेल. बॅकस्पेसिंगही (चाकाच्या आतल्या कडेपासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर) तपासा. १५ × ३.५ ला पावणेदोन इंच सर्रास मिळतं. वेगळं घेतलंत तर टायर फेंडरला लागेल किंवा स्टिअरिंगच्या ओढीत फरक पडेल.

पुणेरी_पिस्टन

मस्त विषय! मी पुण्यात असतो, द व्हॅली रन बघायला आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेलोय, तेव्हापासून वेड लागलंय. एका व्हिडिओत ऐकलं होतं की फिरणाऱ्या भागातला एक किलो म्हणजे गाडीतले आठ किलो. तसं असेल तर दादांचे १९ किलो म्हणजे दीडशे किलो झाले की! दोन माणसं उतरवल्यासारखं!

गणित_मांडू

@पुणेरी_पिस्टन, हा आठपटीचा आकडा फार ठिकाणी ऐकू येतो, कुणी चार म्हणतं, कुणी आठ, कुणी दहा. तो खरा असूच शकत नाही, आणि का ते दोन ओळींत दाखवता येतं.

चाक घरंगळताना त्यात दोन प्रकारची ऊर्जा असते. एक पुढे जाण्याची, ती वस्तुमानावर ठरते. दुसरी फिरण्याची, ती वस्तुमान केंद्रापासून किती लांब आहे त्यावर ठरते. दोन्ही मिळवल्या की चाकाचं परिणामी वजन येतं: खरं वजन गुणिले (१ + त्रिज्यांच्या गुणोत्तराचा वर्ग). हे गुणोत्तर म्हणजे वस्तुमान सरासरी ज्या अंतरावर आहे ते अंतर, भागिले टायरची जमिनीपर्यंतची त्रिज्या. आता टायरच्या बाहेर तर वस्तुमान असणार नाही. म्हणजे गुणोत्तर एकपेक्षा मोठं होत नाही, आणि परिणामी वजन खऱ्या वजनाच्या दुपटीपलीकडे जात नाही. दुप्पट ही वरची मर्यादा, तीही सगळं वजन टायरच्या पृष्ठभागावर असेल तरच.

प्रत्यक्षात काय होतं? २६ इंच व्यासाचा टायर धरू, त्रिज्या १३. पंधरा इंची रिमची कडा केंद्रापासून साडेसात इंचांवर. गुणोत्तराचा वर्ग ०.३३. म्हणजे रिमवरचा एक किलो हा फार तर १.३ किलोसारखा वागतो. टायरचं बरंचसं वजन मात्र बाहेरच्या पट्ट्यात असतं, तिथला एक किलो १.८ च्या आसपास. ब्रेकची डिस्क अजून आत, तिचा एक किलो जेमतेम १.१ ते १.२.

यातून माझ्या मते या धाग्यातली सर्वांत कामाची गोष्ट निघते: वजन वाचवायचं असेल तर आधी टायर बघा, मग रिम. लोक रिमच्या पन्नास ग्रॅमवर वाद घालतात आणि टायर दुकानात असेल तो उचलतात.

आता @क्लीव्हलंडकर यांचा हिशोब. साडेनऊ किलोंपैकी साधारण साडेचार रिमचे आणि पाच टायरचे धरू. ४.५ × १.३ = ५.९, ५ × १.८ = ९. एका बाजूला पंधरा, दोन्हीकडे मिळून तीस किलोंचा परिणाम. १४५० किलोंवर हे दोन टक्के.

वेळेचा अंदाज बांधायला ड्रॅग रेसिंगमध्ये एक जुनं सूत्र वापरतात: पाव मैलाची वेळ = ५.८२५ × (पौंडांतलं वजन भागिले अश्वशक्ती) याचं घनमूळ. तुमची गाडी ३२०० पौंड, ४०० अश्वशक्ती, भागाकार ८, घनमूळ २, उत्तर ११.६५. तुमच्या ११.७ च्या अगदी शेजारी. घनमूळ असल्यामुळे वजन दोन टक्के घटलं तर वेळ त्या टक्क्यांच्या फक्त एकतृतीयांश घटते, म्हणजे पाऊण टक्क्याहून जरा कमी. ११.६५ चा तेवढा भाग म्हणजे ०.०८ सेकंद.

आठपटीचं खरं असतं तर ०.४ सेकंद मिळाले असते. पुढची चाकं बदलून एवढं मिळत नसतं, हे पट्टीवरच्या कुणालाही विचारा.

क्लीव्हलंडकर

@गणित_मांडू, असं उत्तर मिळेल याची अपेक्षाच नव्हती. मनापासून आभार. ०.०८ सुद्धा माझ्या वर्गात खूप आहे. मग ओतीव, फोर्ज्ड आणि कार्बन यांच्यातला फरक याच पद्धतीने काढला तर?

गणित_मांडू

ओतीव आणि फोर्ज्ड यांत एका चाकामागे दीड किलोचा फरक धरा. दोन्हींचे तीन, गुणिले १.३, चार किलोंचा परिणाम. वेळेत एक शतांश सेकंद. फोर्ज्डवरून कार्बनवर जाऊन आणखी दोन-दोन किलो वाचले असं मानलं तरी दीड शतांशाच्या आत.

तुमची मोठी बचत रुंद १७ इंचीवरून अरुंद १५ इंचीवर येण्यातच झाली. त्यानंतर कुठल्या धातूचं चाक यावर वेळ जवळपास ठरत नाही. तेव्हा तिन्हींची निवड वजनावर करू नका, ताकदीवर करा. कार्बनवर मी या गाडीसाठी पैसे घालणार नाही. तेवढ्यात मागचं सस्पेन्शन नीट करून घेतलंत तर पहिल्या साठ फुटांतच त्याच्या कितीतरी पट मिळेल.

धातुवेडी

ताकदीचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझं काम ॲल्युमिनियमच्या सुट्या भागांच्या तपासणीचं आहे, नोकरी चाकणला.

पुढची चाकं रेसमध्ये गाडीला ओढत नाहीत, मग त्यांच्यावर ताण कसला, असं वाटतं. पण ड्रॅगच्या गाडीचं नाक सुटताना वर उचललं जातं आणि मग खाली येतं. कधी बोटभर उचलतं, कधी हातभर. खाली येताना दोन्ही चाकं एकदम टेकली तर बरं, पण बहुतेक वेळा एक आधी टेकतं आणि सगळा हिसका त्या एका अरुंद रिमवर जातो. वरचा टायरही अरुंद, त्यामुळे रिमच्या आतल्या कडेला मार बसतो.

अशा हिसक्याला ओतीव आणि फोर्ज्ड धातू वेगळे वागतात. ओतीव ॲल्युमिनियममध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि तो फार न ताणता तडकतो. फोर्ज्ड ६०६१-टी६ (ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू, उष्णता देऊन कडक केलेला) दाबून घडवलेला असतो, त्यात त्या पोकळ्या बंद होतात, आणि तो तुटण्याआधी वाकतो. वाकलेलं चाक थरथरतं, तुम्हाला कळतं, तुम्ही गाडी थांबवता. तडकलेलं चाक कळवत नाही. एवढ्या एका कारणासाठी मी फोर्ज्डच्या बाजूने आहे, एक शतांश सेकंदासाठी नाही. तुमची गाडी नाक उचलत नसेल आणि वेग एवढाच राहणार असेल तर चांगल्या कंपनीचं, ड्रॅगसाठीच बनवलेलं ओतीव चाकही चालेल.

एसएफआयचं (रेसच्या सामानाच्या सुरक्षिततेचे निकष ठरवणारी अमेरिकी संस्था) प्रमाणपत्र आहे का तेही बघा. अमेरिकेत वेगवान वर्गांमध्ये ते लागतंच, आणि उद्या तुम्ही वेग वाढवलात तर चाकं पुन्हा बदलायला नकोत.

क्लीव्हलंडकर

ताई, नाक उचलतं. फार नाही, पण मित्राने काढलेल्या फोटोत डाव्या पुढच्या टायरखाली प्रकाश दिसतो. वापरलेली फोर्ज्ड घ्यावीत का? विकणारा म्हणतो की नुकतीच पावडर कोटिंग करून घेतली आहेत, नव्यासारखी दिसतात.

धातुवेडी

नव्यासारखी दिसतात हीच माझी अडचण आहे. कोटिंगखाली तडा दिसत नाही. शिवाय कोटिंग भट्टीत साधारण २०० अंशांना भाजतात. ६०६१ ला टी६ ची ताकद मिळते ती १६० ते १७५ अंशांच्या आसपास बराच वेळ ठेवून. त्याहून जास्त उष्णता लागली की ती ताकद उतरायला लागते. एकदा, ठरलेला वेळ, नीट भट्टीत केलं तर घट किरकोळ असते. पण भट्टीचं तापमान किती होतं, किती वेळ ठेवलं, याआधी किती वेळा झालं, हे विकणाऱ्याला सांगता येतं का विचारा. नसेल सांगता येत तर सोडून द्या.

कोटिंग नसलेली वापरलेली चाकं मिळाली तर घरीच डाय पेनेट्रंट चाचणी करा. तीन डबे मिळतात, क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर. चाक आधी ब्रेक क्लीनरने धुऊन पूर्ण वाळवायचं, तेलाचा अंश राहिला तर रंग तड्यात शिरत नाही. मग नटांच्या भोकांभोवती, आरे जिथे मध्याला मिळतात तिथे आणि आतल्या कडेवर लाल रंग फवारायचा. दहा-वीस मिनिटं थांबायचं, डब्यावर लिहिलेली वेळ पाळायची. नंतर पुसताना क्लीनर कापडावर घ्यायचा, थेट चाकावर फवारायचा नाही, नाहीतर तड्यातलाही रंग धुऊन जातो. मग पांढऱ्याचा पातळ थर. पाच-दहा मिनिटांत तडा असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते आणि हळूहळू जाड होत जाते. नटाच्या भोकातून बाहेर निघालेली अशी एक जरी रेघ दिसली तरी ते चाक भंगारात. वेल्डिंग करून घेऊ नका, वेल्डच्या शेजारची टी६ ताकद जाते.

जुनी मॅग्नेशियमची चाकं कुणी स्वस्तात देत असेल तर जास्तच सावध. मॅग्नेशियम गंजतं, आणि आतून किती गेलंय ते वरून कळत नाही. ती भिंतीवर टांगायला सुंदर.

जर्सीकाका

धागा वाचून फार आनंद झाला. मी न्यू जर्सीत सत्तरच्या दशकात आलो, तेव्हापासून एंग्लिशटाउनच्या पट्टीवर जात होतो. २०१८ मध्ये तिथलं ड्रॅग रेसिंग बंद झालं त्याचं दुःख अजून जात नाही. तिथे बुधवारी संध्याकाळी उभं राहून मी जे शिकलो ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

त्या काळी हलकी चाकं विकत घेणारे थोडे. बाकीचे जुगाड करायचे. फोक्सवॅगन बीटलची १५ इंची, चार इंच रुंदीची लोखंडी चाकं काढायची, त्यांचा मध्य बदलायचा आणि शेव्हीला, म्हणजे शेव्हरलेला, बसवायची. स्वस्त, अरुंद, आणि भंगारात पाहिजे तेवढी. पुढे गाड्यांमध्ये स्टेपनी म्हणून तो छोटा, पातळ तात्पुरता टायर यायला लागला, तर लोक तोच पुढे लावायला लागले. बाळांनो, हे मात्र कुणी करू नका. त्या टायरच्या बाजूवर ताशी ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर, अशी मर्यादा स्पष्ट लिहिलेली असते, आणि ११.७ ची गाडी शेवटी ताशी १८५ किलोमीटरच्या पुढे असते. तपासणीत परतही पाठवतात, आणि बरोबरच करतात.

लांब ड्रॅगस्टरना तर पुढे तारांची, मोटरसायकलसारखी चाकं असायची. पुढे ब्रेकच नाहीत, त्यामुळे हबही नावाला. ब्रेक फक्त मागे आणि शेवटी पॅराशूट. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेच्या नियमांत तारांच्या चाकांसाठी तारेची किमान जाडी आणि सगळी भोकं भरलेली हवीत असं लिहिलेलं आहे. लोक वजन वाचवायला तारा काढत असत म्हणून तो नियम आला असणार, असं मला नेहमी वाटतं.

आणि जे आम्ही भंगारातून करायचो ते २०१८ मध्ये डॉजने कारखान्यातून दिलं. चॅलेंजर डेमन गाडीसोबत एक पेटी मिळायची, तिच्यात पुढे लावायची अरुंद चाकं, जॅक आणि हत्यारं. ते वाचलं तेव्हा माझ्या एंग्लिशटाउनच्या मित्राला मी रात्री फोन केला होता.

पुणेरी_पिस्टन

काका, अजून लिहा ना, प्लीज. सगळं वाचायचंय.

आणि एक प्रश्न. माझ्याकडे पोलो जीटी आहे. मलाही पुढे अशी अरुंद हलकी चाकं टाकायची तर कोणती साइझ बसेल?

नट_बोल्ट

थांबा, टाकू नका! पोलोची पुढची चाकं गाडी ओढतात. मस्टँगची मागची. अरुंद चाक नेहमी न ओढणाऱ्या बाजूला. तुमच्या गाडीत हे सगळं उलटं होईल: पुढे शक्य तेवढा रुंद, चिकट टायर, आणि अरुंद-हलकं मागे. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडानना हेच लागू. आणखी एक बाब आहे. गाडी सुटताना वजन मागे सरकतं, म्हणजे पुढच्या, ओढणाऱ्या चाकांवरचा दाब कमी होतो. म्हणून पुढच्या चाकांवर ओढणारे लोक मागचं सस्पेन्शन कडक करून गाडीला मागे बसू देत नाहीत.

आणि हे फक्त बंद पट्टीवर. अरुंद मागची चाकं घालून मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर पावसात ब्रेक मारलात तर गाडी जागेवर फिरेल.

पुणेरी_पिस्टन

समजलं दादा. रस्त्यावर अजिबात नाही, शब्द देतो.

लोनस्टार_लता

ब्रेकचा विषय कुणीतरी काढला ते बरं झालं. मी टेक्सासमध्ये नवऱ्यासोबत ब्रॅकेट रेसिंग (आपली वेळ आधी सांगून पळायची शर्यत) करते, गाडी मी चालवते, पाना तो फिरवतो. वेळ आणि वजन यावर सगळे बोलतात, थांबण्यावर कुणी बोलत नाही.

ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे येतं, म्हणजे थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या चाकांचं. आणि तिथे तुम्ही २४५ मिलिमीटर रुंद टायर काढून त्याच्यापेक्षा बराच अरुंद टायर लावलात. ब्रेक तेच, पकड कमी. पहिल्यांदा नेहमीच्या सवयीने पाय दाबलात तर पुढची चाकं लॉक होतील. चाक लॉक झालं की स्टिअरिंगही गेलं. म्हणून रेष ओलांडल्यावर लगेच ब्रेक नको. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी सरळ आहे ना बघा, मग हळूहळू दाब वाढवा. पहिल्या फेरीला पाव मैल पूर्ण ताकदीने मारू नका, अर्ध्यात सोडा आणि ब्रेकचा अंदाज घ्या. मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह असेल तर तो पुन्हा जुळवावा लागेल.

दुसरं, टायरची जात. पुढचे अरुंद टायर बरेचसे बायस प्लायचे (आतले धागे तिरके) येतात आणि तुमचे मागचे रेडियल (धागे आडवे, कडेपासून कडेपर्यंत) आहेत. पुढे-मागे एकाच जातीचे असावेत असं टायर बनवणारेच सांगतात, कारण बाजूने ढकललं गेल्यावर दोन्ही वेगवेगळं वागतात आणि वेगात गाडी डोलायला लागते. अरुंद रेडियलही मिळतात, वजन जरा जास्त असतं. मी तुमच्या जागी तेच घेईन. पुढच्या टायरमध्ये हवा भरपूर ठेवा, टायरवरच्या कमाल दाबाच्या आत राहून. कमी हवेचा अरुंद टायर लटपटतो.

अलाइनमेंट पुन्हा करून घ्यायला विसरू नका. कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) जमेल तेवढा पॉझिटिव्ह, म्हणजे गाडी आपणहून सरळ राहते. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) शून्याजवळ, टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली) अगदी किंचित. आणि टो दोनदा मोजा: एकदा गाडी जमिनीवर असताना, एकदा नाक जॅकने उचलून. सुटताना नाक वर असतं तेव्हा चाकं कुठे बघतायत हे फार कमी लोक तपासतात.

क्लीव्हलंडकर

@लोनस्टार_लता, उचलून टो मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, नक्की करतो.

टायरच्या व्यासाबद्दल सगळ्यांना विचारतो. २४ इंचीही मिळतात, २६ ही. २४ इंची हलका. शिवाय पट्टीवर ऐकलं की लहान टायरने रिॲक्शन टाइम सुधारतो.

गणित_मांडू

सुधारतो, पण त्यात एक गंमत आहे, आणि ती नवीन लोकांना समजावून सांगायला मला नेहमी आवडतं.

सुरुवातीच्या रेषेवर जमिनीलगत प्रकाशाचा किरण असतो. पुढचा टायर तो अडवतो तेव्हा तुम्ही स्टेज झालात. हिरवा दिवा लागल्यावर टायर पुढे सरकून किरण मोकळा करतो, त्या क्षणी तुमचा रिॲक्शन टाइम संपतो आणि त्याच क्षणी पाव मैलाचं घड्याळ सुरू होतं. किरण मोकळा करायला टायरला जेवढं अंतर सरकावं लागतं त्याला रोलआउट म्हणतात.

किरण जमिनीपासून दीड इंचावर धरला तर त्या उंचीवर २४ इंची टायरची रुंदी ११.६ इंच येते, २६ इंचीची १२.१, २८ इंचीची १२.६. व्यास दोन इंचांनी बदलला की रोलआउट अर्ध्या इंचाने बदलतो. तुमच्या गाडीच्या सुटण्याच्या वेगाने त्या अर्ध्या इंचाला चार-पाच सहस्रांश सेकंद लागतात.

म्हणजे लहान टायरने रिॲक्शन टाइम चार-पाच सहस्रांशांनी घटेल, आणि पाव मैलाची वेळ तेवढीच वाढेल, कारण घड्याळ तेवढं आधी सुरू झालं. दोन्हींची बेरीज तीच. शेवटची रेष कोण आधी ओलांडतो यावर व्यासाचा परिणाम शून्य. फरक पडतो तो लाल दिव्याच्या, म्हणजे हिरव्याआधी सुटून बाद होण्याच्या, धोक्यात. तुम्ही सारखे घाईने सुटून लाल दिवा लावत असाल तर मोठा टायर मदत करेल. उशिरा सुटत असाल तर लहान.

लोनस्टार_लता

अगदी खरं. आणि ब्रॅकेटमध्ये वेळ आधी सांगून पळायचं असतं, त्यामुळे व्यास एकदा ठरवला की बदलू नये. तुमचा सध्याचा २४५/४५-१७ सुमारे २५.७ इंचांचा आहे. २६ इंची घेतलात तर सगळे जुने अंदाज जवळपास तसेच राहतील. मी २६ च घेईन.

जर्सीकाका

लताताईंना अनुमोदन. उंच टायरने खडबडीत पट्टीवर गाडीही शांत राहते.

@क्लीव्हलंडकर, नॉरवॉकला जाताय तर तिथलं डॉलरला पौंडभर आइस्क्रीम खाल्लंत का? नसेल तर पुढच्या खेपेला मुलांनाही घेऊन जा.

क्लीव्हलंडकर

काका, आइस्क्रीमशिवाय परत येणं घरी चालत नाही!

निर्णय कळवतो. कोटिंग केलेली चाकं सोडली. भट्टीचं तापमान विचारल्यावर विकणारा गप्प झाला. दुसऱ्या एका माणसाकडे फोर्ज्ड वेल्ड १५ × ३.५, पावणेदोन इंच बॅकस्पेसिंग, उघड्या ॲल्युमिनियमची मिळाली. धातुवेडीताईंनी सांगितल्याप्रमाणे डाय पेनेट्रंट आणून गॅरेजमध्ये चाचणी केली. एका चाकाच्या आतल्या कडेवर लाल ठिपका आला, रेघ नव्हती, बोटाने चाचपलं तर खडा लागल्याची खाच होती. बाकी सगळं पांढरं. ताई, फोटो संदेशातून पाठवलाय, बघून सांगाल का?

टायर २६ इंची अरुंद रेडियल मागवलेत. रिम-टायर मिळून १२.४ किलो भरतील असं दिसतंय, मित्राच्या बायसपेक्षा थोडे जड. चालेल मला.

धातुवेडी

फोटो पाहिला. ठिपका गोल आहे, कडा स्वच्छ आहेत, तडा नाही. खाच बारीक पॉलिश पेपरने गोलसर करून घ्या, म्हणजे तिथून तडा सुरू व्हायला टोक राहणार नाही, आणि पुन्हा एकदा रंग मारून बघा. मोसमाच्या शेवटी चारही बाजूंनी परत तपासा.

नट_बोल्ट

आता स्टडकडे, म्हणजे चाकाचा नट ज्यावर चढतो त्या बोल्टकडे, लक्ष द्या. मूळचे स्टड ड्रॅगच्या चाकाच्या जाड मध्याला कमी पडू शकतात. एनएचआरएचा नियम असा की नट स्टडवर निदान स्टडच्या व्यासाइतका तरी चढलेला हवा. अर्ध्या इंचाचा स्टड तर अर्धा इंच आटे नटात. उघड्या तोंडाचे नट वापरा, म्हणजे स्टड बाहेर आलेला तपासणाऱ्याला दिसतो आणि तुम्हालाही. नटाची बसायची बाजू चाकाशी जुळते का तेही बघा. शंकूच्या आकाराचा नट सपाट बैठकीच्या चाकाला लावला तर घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पळताना सैल होतो.

व्हॉल्व्ह रबराचा नको, धातूचा, नटाने कसलेला घ्या. बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं आतल्या बाजूने लावून वरून चिकटपट्टी मारा.

क्लीव्हलंडकर

स्टड तीन इंची मागवले. टॉर्क रेंचने कसून पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासायचे ना?

नट_बोल्ट

हो. चाक बनवणाऱ्याने दिलेला टॉर्क, चांदणीच्या क्रमाने, इम्पॅक्ट गन न वापरता. पहिल्या फेरीनंतर चाकं थंड झाली की परत. ॲल्युमिनियम बसतं, त्यामुळे पहिल्यांदा नट थोडा फिरतोच. दुसऱ्या तपासणीतही फिरला तर चाक काढून बैठक बघा, आणि तोवर पट्टीवर जाऊ नका.